टाळ बोथट, पखवाज हरवलेला: इन-इअर की ओव्हर-इअर, एका भजनी मिश्रणाचा प्रकरण अभ्यास

कार्तिक महिन्यात नाशिकजवळच्या एका गावातील भजनी मंडळाने देवळाच्या सभामंडपात सहा अभंग ध्वनिमुद्रित करून घेतले. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ महाराजांची यात्रा भरते. त्यापूर्वी हे अभंग गावकऱ्यांच्या आणि दिंडीतल्या मंडळींच्या मोबाइलवर पोहोचावेत, अशी मंडळाची इच्छा होती. ध्वनिमुद्रण आणि मिश्रण (वेगवेगळे आवाज योग्य पातळीवर एकत्र बसवणे) ही दोन्ही कामे मखमलाबाद नाक्याजवळ राहणाऱ्या एका सव्वीस वर्षांच्या तरुणाने अंगावर घेतली. तो दिवसा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि रात्री साडेनऊनंतर लॅपटॉपसमोर बसतो. पहिले मिश्रण त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत इन-इअर मॉनिटरवर, म्हणजे कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनवर, केले. ते मंडळाच्या बारा इंची स्पीकरवर वाजले तेव्हा बुवांनी शांतपणे पहिले दोन अभंग ऐकले आणि म्हणाले, "माझा आवाज नको तेवढा पुढं आलाय. पखवाज कुठं गेला? आणि टाळाला काय झालं?"

त्याच रात्री त्याचा मला फोन आला. "दादा, मी इअरफोनवर मिक्स केलं हेच चुकलं का? आता हेडफोन घेऊ, की यापेक्षा चांगले इअरफोन घेऊ? वीस हजार बाजूला ठेवलेत." मी स्वतः नाशिकमध्ये बरीच वर्षे ध्वनिमिश्रणाचे काम करतो, आणि हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतोच. बहुतेक वेळा मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा होतो. या वेळी मात्र बुवांची तक्रार इतकी नेमकी होती, की तिच्या मुळापर्यंत गेल्याशिवाय सल्ला देणे मला योग्य वाटले नाही. पुढील नोंद त्या तरुणाच्या परवानगीने लिहीत आहे.

प्रथम परिस्थिती. त्याची खोली १० फूट बाय ११ फूट आहे. पलीकडच्या खोलीत भाऊ, वहिनी आणि दीड वर्षांची पुतणी झोपते, त्यामुळे रात्री स्पीकर लावणे शक्य नाही. शक्य असते तरी त्याचा फारसा लाभ झाला नसता. समोरासमोरच्या भिंतींमध्ये १० फुटांचे अंतर असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपास आणि ११ फुटांचे असेल तर ५१ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमू लागते. भिंतीजवळ तो खर्ज फुगतो आणि खोलीच्या मधोमध त्याच खर्जाचा खड्डा पडतो. पखवाजाच्या डाव्या, कणीक लावलेल्या बाजूचा खर्ज याच परिसरात असल्याने अशा उघड्याबोडक्या खोलीत स्पीकरवर विसंबून पखवाज बसवणे म्हणजे अंदाजाने काम करणे ठरते. स्पीकर बाद झाले आणि निवड कानात बसणारे साधन (इन-इअर) की कानावर बसणारे साधन (ओव्हर-इअर) एवढ्यावर आली.

त्याच्याकडचे इन-इअर काही टाकाऊ नव्हते. प्रत्येक कानात तीन बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (आवाज काढणारे बारीक भाग) असलेले, बऱ्यापैकी नावाजलेले ते साधन त्याने दोन वर्षे वापरले होते आणि त्याच्यावर त्याचा जीव होता. म्हणून मी आधी निकाल न देता शनिवारी रात्री त्याच्या घरी जाऊन तो काम कसे करतो ते नुसते पाहत बसलो.

पहिली गोष्ट अर्ध्या तासात दिसली. त्याने एकदा पाणी प्यायला म्हणून इन-इअर काढले, परत घातले आणि लगेच टाळाच्या ट्रॅकवरचा इक्यू (ठरावीक स्वरपट्टी कमी-जास्त करणारे साधन) उघडून आठ हजार हर्ट्झच्या आसपास आणखी दीड डेसिबल कमी केले. मी विचारले, "आत्ता का कमी केलंस?" तो म्हणाला, "टोचायला लागलं, दादा." पाच मिनिटांपूर्वी त्याच ठिकाणी त्याला काही टोचत नव्हते, आणि मधल्या काळात मिश्रणात काहीही बदललेले नव्हते. बदलली होती ती फक्त इन-इअर कानात शिरण्याची खोली.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कानाचा बोगदा साधारण २५ मिलिमीटर लांब असतो. तो बाहेरच्या बाजूने मोकळा असताना ३००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप उचलतो, आणि आपण जन्मापासून त्याच उचलीसह जग ऐकत आलेलो असतो. इन-इअर घातले की बोगद्याचे तोंड बंद होते. मग टिपेचे (इन-इअरच्या तोंडावरच्या मऊ टोपीचे) टोक आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये एक छोटी बंद नळी उरते आणि ती नळी वेगळ्याच ठिकाणी घुमते. ती २३ मिलिमीटरची असेल तर सुमारे ७५०० हर्ट्झला, आणि टिप जरा आत जाऊन ती २० मिलिमीटरची उरली तर सुमारे ८६०० हर्ट्झला. म्हणजे तीन मिलिमीटरच्या फरकाने उंचवटा हजार हर्ट्झहून अधिक सरकतो. ज्वारीच्या दाण्याएवढे हे अंतर. पण टाळाची झणझण नेमकी याच पट्ट्यात राहते. प्रत्येक बैठकीला इन-इअर जरा वेगळ्या खोलीवर बसत होते, प्रत्येक बैठकीला टाळ नव्या ठिकाणी टोचत होता, आणि तो दर वेळी नव्या ठिकाणी कात्री चालवत होता. नऊ रात्रींनंतर टाळाच्या ट्रॅकवर सहा ते नऊ हजार हर्ट्झच्या दरम्यान तीन वेगवेगळे कट एकावर एक साचले होते. टाळ बोथट का झाला, याचे उत्तर पडद्यावर समोर दिसत होते.

आम्ही एक साधी तपासणी केली. पाच हजारांपासून दहा हजार हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा एकच स्वर लावला आणि तो सर्वांत मोठा कुठे वाटतो, ते त्याला कागदावर लिहायला सांगितले. नंतर इन-इअर काढून पुन्हा घालायचे आणि पुन्हा ऐकायचे, असे पाच वेळा केले. एकदा सात हजारांच्या थोडे पुढे, एकदा साडेआठ हजारांजवळ, बाकीचे मधे कुठेतरी. तो कागद पाहून तो बराच वेळ काही बोलला नाही. "म्हणजे मी गाणं मिक्स करत नव्हतो, माझा कान मिक्स करत होतो," असे तो शेवटी म्हणाला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म त्याने स्वतःच सांगितले होते.

दुसरी गोष्ट शोधायला जरा वेळ लागला. पखवाज त्याने डावीकडे थोडा पॅन केला होता, म्हणजे त्याचा आवाज डाव्या बाजूला सरकवला होता. दिंडीत किंवा भजनात पखवाजी कुठे उभा असतो, या विचाराने केला असेल असे मला वाटले; पण त्याने सांगितले की पखवाज मधोमध ठेवला की त्याला तो उजवीकडे ओढल्यासारखा वाटे, म्हणून त्याने तो डावीकडे सरकवला होता. मी ५० हर्ट्झचा एकच स्वर लावला आणि त्याला आधी उजवे, मग डावे इन-इअर बोटाने अगदी हलके आत दाबायला सांगितले. उजवीकडे काही फरक पडला नाही. डावीकडे दाबताच खर्ज एकदम वर आला. त्याच्या डाव्या कानाचा बोगदा उजव्यापेक्षा अरुंद आहे; दोन्हीकडे मध्यम आकाराची सिलिकॉन टिप लावल्याने डावीकडची टिप पूर्ण आत न जाता तिरपी बसत होती आणि फटीतून खर्ज निसटत होता. दोन कानांना दोन वेगळ्या मापांच्या टिपा लागू शकतात, हे त्याला दोन वर्षांत कोणी सांगितले नव्हते. डावीकडे लहान टिप लावल्यावर पखवाज जागेवर, मधोमध आला. फोमच्या टिपा असतील तर त्या बोटांत चिमटून बारीक कराव्यात, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढून बोगदा सरळ करावा, टिप आत सरकवून ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावी, आणि मगच ऐकायला सुरुवात करावी. ही एवढी काळजी रोज, प्रत्येक वेळी घ्यावी लागते, हे इन-इअर घेणाऱ्याने आधीच मान्य केलेले बरे.

तिसरे कारण मात्र त्याच्या कानात नव्हते, तारेच्या दुसऱ्या टोकाला होते. एकाच कानाच्या खर्जाचा दोष समजला, तरी दोन्ही कानांत मिळून पखवाज त्याने इतका खाली का ठेवला, हे उलगडत नव्हते. उलट खर्ज निसटत असेल तर माणूस पखवाज वाढवून ठेवतो. बोलता बोलता तो म्हणाला की कंपनीच्या कँटीनमध्ये मोबाइलला इअरफोन जोडणाऱ्या छोट्या डोंगलवर ऐकताना हेच मिश्रण त्याला पातळ वाटायचे आणि रात्री घरी इंटरफेसवर (लॅपटॉपला माइक आणि हेडफोन जोडणाऱ्या उपकरणावर) ऐकताना भरदार वाटायचे. आम्ही इंटरफेसचे माहितीपत्रक काढले. हेडफोनच्या जॅकचा प्रतिरोध तिशीच्या घरात, म्हणजे ३० ओहमच्या आसपास होता. बॅलन्स्ड आर्मेचरच्या बहुड्रायव्हर इन-इअरचा स्वतःचा प्रतिरोध सर्व स्वरांना सारखा नसतो. समजा तो खर्जात ३२ ओहम आहे आणि माणसाच्या आवाजाच्या वरच्या पट्टीत १० ओहमवर उतरतो. एक ओहमच्या जॅकवर या फरकाने जेमतेम अर्धा डेसिबल इकडचे तिकडे होते. ३० ओहमच्या जॅकवर मात्र वरची पट्टी खर्जाच्या तुलनेत सहा डेसिबलहून अधिक खाली जाते. म्हणजे घरी त्याला खर्ज जड आणि गळा दबलेला ऐकू येत होता. त्याने प्रामाणिकपणे पखवाज कमी केला आणि बुवांचा आवाज वाढवला. बुवांनी नेमके हेच उलट बाजूने सांगितले होते. जॅकचा प्रतिरोध साधनाच्या प्रतिरोधाच्या आठव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा, हा जुना ढोबळ नियम अशा वेळी उपयोगी पडतो. त्याचा इंटरफेस त्या नियमात बसत नव्हता.

इथपर्यंत आल्यावर कोणालाही वाटेल की इन-इअरचा निकाल लागला. मला तसे वाटले नाही, आणि आजही वाटत नाही. इन-इअर मॉनिटर ज्या कामासाठी घडले ते काम वेगळे होते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. एटिमॉटिक कंपनीचे ईआर-४ हे १९९१ साली आलेले साधन श्रवणविज्ञानाच्या वाटेने आले. आणि १९९५ साली जेरी हार्वे यांनी व्हॅन हेलन या बँडच्या ड्रमवादकासाठी जे इन-इअर बनवले, त्यातून पुढे अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. रंगमंचावर ड्रमच्या आणि मोठ्या स्पीकरच्या गदारोळात वादकाला स्वतःचे वादन ऐकू यावे आणि कानही वाचावेत, ही ती गरज. बाहेरचा गोंगाट अडवणे हा इन-इअरचा पहिला गुण आहे. मखमलाबाद नाक्यावर रात्री अकरापर्यंत वाहने चालू असतात आणि लग्नसराईत वरात निघते. अशा ठिकाणी बाहेरचा आवाज २०-२५ डेसिबलने कमी करणारे साधन कानाला केवढा दिलासा देते, हे मी त्या खोलीत बसून अनुभवले.

आता कानावर बसणाऱ्या साधनाकडे. त्याचा पहिला कल क्लोज्ड-बॅक, म्हणजे बंद पाठीच्या, हेडफोनकडे होता, कारण तेही बाहेरचा आवाज थोडा अडवतात आणि आतला बाहेर जाऊ देत नाहीत. माझ्याकडचा एक क्लोज्ड-बॅक आणि एक ओपन-बॅक (उघड्या पाठीचा) असे दोन्ही मी त्याला दोन आठवड्यांसाठी दिले. तीन दिवसांतच क्लोज्ड-बॅकची अडचण समोर आली. तो चष्मा लावतो. चष्म्याची काडी गादीखालून जाते तिथे बोटभर फट राहते, आणि बंद पाठीच्या हेडफोनमध्ये त्या फटीतून खर्ज गळतो. त्याला मी चष्मा काढून ऐकायला सांगितले, मग लावून; पखवाज तेवढ्यानेच दोन पायऱ्या मागे गेल्यासारखा वाटला. चष्मा काढला तर पडद्यावरचे फेडर (आवाजाची पातळी वरखाली करणाऱ्या खुंट्या) दिसत नाहीत. पातळ काडीचा चष्मा करून घेणे हा एक उपाय आहे, तो काहींना लागूही पडतो. पण केवळ मिश्रणासाठी नवा चष्मा घे, असे मी त्याला सांगितले नाही.

ओपन-बॅकमध्ये हीच फट तितकी बाधत नाही, कारण त्याची रचनाच हवा बाहेर जाऊ देणारी असते. खर्ज मुळात जरा कमी असतो, पण जेवढा असतो तेवढा रोज तेवढाच मिळतो. चढत्या स्वराची तपासणी आम्ही ओपन-बॅकवरही पाच वेळा केली. उंचवटे होतेच, कारण कोणत्याही हेडफोनला ते असतात. पण पाचही वेळा ते जवळजवळ एकाच ठिकाणी होते. हेडफोन पुढेमागे सरकला तर फरक पडतो, पण तो इतका लहान होता की त्यावर टाळाचा निर्णय फिरला नसता. दुसरे असे की कानावर बसणाऱ्या साधनाचा आवाज कानाच्या पाळीवर आणि घड्यांवर आपटून मगच आत जातो, म्हणजे ऐकणाऱ्याचा स्वतःचा कान त्या ऐकण्यात सामील होतो. इन-इअर ही पाळी ओलांडूनच आत जाते. तिथे बनवणाऱ्याने एका सरासरी कानाची उचल आधीच घालून ठेवलेली असते, आणि आपला कान त्या सरासरीपासून जितका दूर, तितका आपला अंदाज चुकतो.

तारेच्या टोकाचा प्रश्नही इथे मिटला. माझा ओपन-बॅक ३०० ओहमचा आहे. १९९७ साली आलेल्या सेनहायझर एचडी ६०० पासून हे माप स्टुडिओत ओळखीचे झाले आहे. त्याचा प्रतिरोध खर्जात ५०० ओहमपर्यंत चढला तरी ३० ओहमच्या जॅकवर होणारा फरक पाव ते अर्ध्या डेसिबलच्या आत राहतो. आवाजाची पातळी मात्र त्याला इंटरफेसवर बरीच चढवावी लागली. नॉब तीन वाजण्याच्या जागेपर्यंत गेला आणि तेवढ्यात काम भागले. मोबाइलवर हा हेडफोन पुरेसा वाजला नसता.

इथे पातळीविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण याबाबतीत तरुण मुले निष्काळजी असतात आणि मला त्याची खरोखर चिंता वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणे ही मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबल वाढीला तो वेळ निम्मा होतो. ८३ वर २० तास, ८६ वर १० तास. रस्त्याच्या आवाजावर मात करण्यासाठी ओपन-बॅकचा नॉब चढवत नेला, तर आठवड्याभराचा हिशेब दोन-तीन रात्रींत संपतो. पातळी वाढली की कानाचे मापही बदलते. मोठ्या आवाजात खर्ज आणि वरची टोके अधिक भरतात, म्हणून रात्री मोठ्याने बसवलेला पखवाज सकाळी हळू आवाजात पातळ लागतो. आम्ही नॉबजवळ निळ्या पेनाने एक खूण केली. शेजारी बसलेल्या माणसाने साध्या आवाजात विचारलेले वाक्य ओपन-बॅकमधून समजेल, एवढीच ती पातळी. काम त्या खुणेवर करायचे. खुणेच्या वर फक्त एखादा मिनिट, तपासण्यापुरते.

मग निर्णय. मी त्याला ओपन-बॅक घ्यायला सांगितले, आणि जुने इन-इअर विकू नकोस असेही सांगितले. पैशांचा विचार करता वीस हजारांत अधिक महागडे इन-इअर आले असते, पण त्यांनी वरच्या तिन्ही अडचणींपैकी एकही सोडवली नसती. कानातली खोली तशीच बदलली असती, दोन कानांची मापे वेगळीच राहिली असती, आणि तो ३० ओहमचा जॅक तिथेच असता. त्याच रकमेत ओपन-बॅक आला आणि उरलेल्या पैशांत एक ओहमच्या आतला प्रतिरोध असलेला छोटा हेडफोन अॅम्पही आला, जो इन-इअरलाही उपयोगी पडला. ज्याचा इंटरफेस बरा आहे, जो चष्मा लावत नाही आणि ज्याच्या घरात सतत गोंगाट आहे, त्याला मी कदाचित वेगळे सांगितले असते. कान ओले राहण्याचा, खाज सुटण्याचा त्रास ज्यांना पावसाळ्यात होतो त्यांना मात्र तासन्‌तास इन-इअर घालून बसू नका असेच मी सांगेन. या तरुणालाही श्रावणात असा त्रास झाला होता आणि डॉक्टरांनी काही दिवस कानात काहीही घालू नको असे बजावले होते.

दुसरे मिश्रण त्याने शून्यातून केले. जुन्या फाइलमधले कट काढत बसण्यापेक्षा सगळे फेडर खाली घेऊन नव्याने सुरुवात करणे मला नेहमीच बरे वाटते. पहिले तीन दिवस त्याने मिश्रण केलेच नाही. स्वतःला पाठ असलेली जुनी भजने आणि अभंग त्या हेडफोनवर, निळ्या खुणेच्या पातळीवर ऐकले. कान साधनाला सरावल्याशिवाय फेडरला हात लावू नये, याबाबत मी आग्रही असतो. मग त्याने आधी पखवाज आणि बुवांचा गळा एवढेच दोन ट्रॅक उघडले, ते बसल्यावर पेटी, त्यानंतर कोरस, आणि टाळ सर्वांत शेवटी.

टाळाबाबत त्याने जे केले ते मला फार आवडले. सभामंडपात चार टाळकरी होते, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. पहिल्या मिश्रणात त्याने ते अगदी टोकाला पॅन केले होते, कारण इन-इअरमध्ये ते तसे सुटे आणि स्वच्छ वाटत होते. कोणत्याही हेडफोनमध्ये डावीकडचा आवाज फक्त डाव्या कानाला मिळतो; स्पीकरवर मात्र डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही मिळतो, साधारण पाव मिलिसेकंद उशिरा आणि डोक्याच्या आडोशाने जरा मऊ होऊन. म्हणून त्याने मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, क्रॉसफीडचा (एका बाजूचा आवाज थोडा दुसऱ्या कानालाही देणारा) प्लगइन लावला, त्यावर टाळांची जागा ठरवली, आणि फाइल बाहेर काढताना तो प्लगइन आठवणीने बंद केला. आठवणीने, असे मुद्दाम लिहितो, कारण तो चालू राहिला तर सगळे मिश्रण अरुंद होऊन बसते. रिव्हर्बचेही, म्हणजे मिश्रणातल्या घुमाऱ्याचेही, तसेच. खोलीचा स्वतःचा घुमारा हेडफोनमध्ये मिसळत नाही, म्हणून थोडासा रिव्हर्बसुद्धा भरपूर वाटतो आणि माणूस तो कमी ठेवतो. सभामंडपातले एक दूरचे माइक होते. त्याचा फेडर त्याने आपल्याला पुरेसा वाटला त्याच्या दीड डेसिबल वर ठेवला आणि स्पीकरवर ऐकल्यावर तिथेच राहू दिला.

इन-इअरला या वेळी दोन कामे मिळाली. पहिले, सफाई. बुवांच्या गळ्याच्या ट्रॅकमध्ये श्वासांच्या मधे पंख्याची घरघर, चिपळ्यांचा खालच्या पायरीवर झालेला ठोका, एका ठिकाणी कोणाच्या तरी मोबाइलची थरथर, असे बारीकसारीक दोष ओपन-बॅकवर रस्त्याच्या आवाजात बुडून जात होते. इन-इअरवर ते सुईसारखे वर आले. दुसरे, पखवाजाचा अगदी तळ. योग्य मापाच्या टिपा आणि नवा अॅम्प यांच्यासह इन-इअर ४० हर्ट्झच्या खालीही सरळ ऐकू देत होते. माइकच्या स्टँडवर पाय आपटल्याचे धक्के तिथे सापडले, जे ओपन-बॅकवर त्याला कधीच ऐकू आले नव्हते. ते काढल्यावर पखवाजाला वर जायला जागा मिळाली. इन-इअरवर मात्र इक्यूला हात लावायचा नाही, हा नियम त्याने स्वतःच स्वतःला घालून घेतला.

तिसरे साधन मोबाइलचा स्वतःचा स्पीकर होते, आणि हे अभंग बहुतांश लोक त्यावरच ऐकणार होते. त्या बोटभर स्पीकरमधून दोन-अडीचशे हर्ट्झच्या खालचे फारसे काही येत नाही, म्हणजे पखवाजाचा मूळ खर्ज तिथे नसतोच. त्याच्या वरचे उपस्वर ऐकू आले तर कान खालचा स्वर मनाने भरून घेतो. म्हणून पखवाजाच्या डाव्या बाजूला हलके सॅच्युरेशन (उपस्वर वाढवणारी प्रक्रिया) दिले, इतके की ओपन-बॅकवर ते वेगळे जाणवू नये, पण मोबाइलवर घुमक समजावी.

यात्रेच्या दहा दिवस आधी तो मिश्रण घेऊन गावी गेला. मीही सोबत होतो. तेच देऊळ, तोच बारा इंची स्पीकर. पहिला अभंग संपेपर्यंत बुवा काही बोलले नाहीत. पखवाजी मात्र दुसऱ्या कडव्यापासून मांडीवर बोटांनी बोल धरू लागला. तिसऱ्या अभंगात द्रुत लय सुरू होऊन टाळ चढले तेव्हा बुवांनी हात वर केला आणि म्हणाले, "हे मागं घे. पुन्हा लाव." तीच आठ-दहा आवर्तने त्यांनी तीनदा ऐकली. तिसऱ्या वेळी मी त्यांच्याकडे न पाहता टाळकऱ्यांकडे पाहत होतो, त्यातल्या सर्वांत वयस्कर आजोबांनी शेजाऱ्याला हळूच सांगितले, "हा माझाच टाळ." चार टाळांमधून स्वतःचा टाळ ओळखू यावा, एवढी झणझण त्यात परत आली होती.

एक उणीव राहिली. सहाव्या अभंगात पेटी बुवांच्या माइकमध्ये इतकी शिरली होती, की गळा वर घेतला की पेटीही वर येत होती. ओपन-बॅकवर, इन-इअरवर आणि माझ्याकडच्या स्पीकरवरही ते तसेच राहिले, आणि मिश्रणात त्याला इलाज नव्हता. यात्रेच्या आधीच्या रविवारी मंडळाने तो अभंग पुन्हा गाऊन दिला. पेटी या वेळी बुवांच्या डाव्या हाताला, चार फूट मागे होती.